डॉज सिटीचं लाँग ब्रँच सलून: आधी गल्ला, मग पिस्तूल

तुम्ही विचारलंय की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या गावांतली सलूनं, म्हणजे दारूचे गुत्ते, खरंच सिनेमात दाखवतात तशी होती का, आणि डॉज सिटीच्या ‘लाँग ब्रँच’मध्ये नक्की काय घडलं. या विषयावर मी बरीच वर्षं वाचतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मुळात डॉज सिटी हे गावच दारूविक्रीतून उभं राहिलं. कॅन्सस राज्यात आर्कान्सा नदीच्या काठी फोर्ट डॉज हे लष्करी ठाणं होतं आणि ठाण्यापासून पाच मैलांच्या आत दारूला बंदी होती. जून १८७२ मध्ये जॉर्ज हूवर गाडीत व्हिस्की भरून पाच मैल पश्चिमेला गेला आणि हद्द संपली तिथे त्याने तंबू ठोकला. गवताच्या मुळांसकट कापलेली मातीची ढेपं दोन बाजूंना रचली, वर एक फळी टाकली आणि धंदा सुरू केला. त्याच वर्षी सप्टेंबरात सांता फे रेल्वे तिथवर पोचली. हाच हूवर पुढे गावाचा महापौर झाला, त्याने बँकही काढली. तिथे दारूवाला हा गावातला प्रतिष्ठित माणूस होता, हे लक्षात घेतलं की पुढचं बरंच काही उलगडतं.

सुरुवातीचा पैसा रानरेड्यांच्या (बायसनच्या) कातड्यांचा. ते कळप दोन-तीन वर्षांत मारून संपवले. मग आली टेक्सासची गुरं. या गुरांच्या अंगावरच्या गोचिडांमुळे कॅन्ससची स्थानिक जनावरं तापाने मरायची, म्हणून ज्या रेषेच्या पूर्वेला ही गुरं आणायला बंदी होती, ती रेषा सरकार दर काही वर्षांनी पश्चिमेकडे सरकवत होतं. १८७६ मध्ये पूर्वेकडच्या विचिटा गावाचा गुरांचा बाजार बंद पडला आणि सगळा व्यापार डॉजकडे वळला. महिना साधारण तीस डॉलरवर राबणाऱ्या काउबॉयला दोन-तीन महिन्यांचा पगार इथे एकदम हातात मिळायचा, आणि रुळांसमोरच फ्रंट स्ट्रीटवर सलूनांची रांग. लाँग ब्रँच त्याच रांगेतलं.

१८७८ मध्ये चॉक बीसन आणि विल्यम हॅरिस यांनी ते विकत घेतलं. बीसन स्वतः व्हायोलिन वाजवायचा. त्याने तिथे पाच जणांचा वाद्यवृंद बसवला. गुरांचे व्यापारी, रेल्वेची माणसं आणि जुगारी तिथे एकत्र यायचे, सौदेही तिथेच ठरायचे. अशा जागेच्या मालकाला गोळीबार परवडत नाही. रुळांच्या उत्तरेला, म्हणजे लाँग ब्रँच होतं त्या बाजूला, हत्यार बाळगायला बंदी होती, ती याच मंडळींना हवी होती म्हणून.

तरी ५ एप्रिल १८७९ ला बंदी मोडलीच. लेव्हाय रिचर्डसन हा मालवाहतूक करणारा आणि फ्रँक लव्हिंग हा जुगारी, दोघांचं एका बाईवरून वैर. रात्री लाँग ब्रँचमध्ये शब्दाला शब्द लागला आणि दोघांनी पिस्तुलं काढली. जुगाराच्या टेबलाभोवती ते इतक्या जवळून झाडत होते की नळ्या एकमेकींना लागायच्या बेतात होत्या, आणि बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूचा धूर खोलीभर दाटला. अंतर हातभर, तरी लव्हिंगच्या हाताला नुसता ओरखडा. रिचर्डसन मेला, आणि ज्यूरीने स्वसंरक्षण मानून लव्हिंगला सोडलं. पडद्यावरची नेमबाजी आणि प्रत्यक्षातली, यात एवढा फरक. एका इतिहासकाराने कॅन्ससच्या पाच गुरांच्या गावांतले १८७० ते १८८५ मधले खून मोजले. सगळे मिळून ४५ भरले. म्हणजे गावाला वर्षाला एकसुद्धा नाही.

मला स्वतःला १८८३ ची ‘सलून वॉर’ जास्त मोलाची वाटते, कारण तिथे या धंद्याचा खरा चेहरा दिसतो. कॅन्ससमध्ये १८८१ पासून कायद्याने दारूबंदी होती, आणि डॉजमध्ये ती कुणी पाळत नव्हतं. बीसनचा हिस्सा ल्यूक शॉर्टने घेतला होता. एप्रिलच्या निवडणुकीत हॅरिस महापौरपदासाठी उभा राहून हरला. नव्या महापौराने लगेच अनैतिक धंद्यांविरुद्ध नियम काढले आणि लाँग ब्रँचच्या तीन गायिकांना अटक केली. माजी महापौराचंही सलून होतं, त्याला मात्र हात लावला नाही. शॉर्ट आणि एक अधिकारी यांच्यात गोळीबार झाला, दोघंही वाचले, पण शॉर्टला गावाबाहेर काढलं. त्याने थेट गव्हर्नरकडे दाद मागितली, वर बॅट मास्टरसन आणि वायट अर्प या, पूर्वी डॉजमध्ये पोलिस अधिकारी असलेल्या जुन्या दोस्तांना बोलावलं. शहराच्या कारभाऱ्यांनी माघार घेतली आणि एकही माणूस न मरता ‘युद्ध’ संपलं. अर्प, मास्टरसन, शॉर्ट यांच्यासह आठ जणांचा एक प्रसिद्ध फोटो आहे, तो त्याच वर्षीच्या जून महिन्यातला. धंद्यातली चुरस आणि नगरपालिकेचं राजकारण, बाकी काही नाही!

वर्षाअखेरीला शॉर्ट आणि हॅरिसने सलून विकून टाकलं. १८८५ मध्ये कॅन्ससने गोचीडतापाच्या भीतीने टेक्सासच्या गुरांना वर्षातले बहुतेक महिने सबंध राज्यच बंद केलं. गिऱ्हाईक तिथेच संपलं. त्याच नोव्हेंबरात फ्रंट स्ट्रीटच्या लाकडी इमारतींना आग लागली, त्यात लाँग ब्रँचही जळालं.

आज डॉज सिटीत बूट हिल म्युझियममध्ये जे लाँग ब्रँच दिसतं ते नंतर बांधलेलं आहे, तेव्हा तिथले फोटो मूळ वास्तूचे म्हणून कुणी दाखवले तर विश्वास ठेवू नका.