स्वित्झर्लंडमधल्या जुन्या रंगीत काचांवर घराण्याच्या चिन्हाशेजारी नीतिकथा का रंगवलेल्या असतात? तो खरा उपदेश की नुसतं मिरवणं?

दोन्ही. पण उपदेश कुणाचा आणि कुणाला, हे विचारल्याशिवाय या उत्तराला काही अर्थ नाही. याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं वाजलेलं आहे, त्यामुळे जरा लांबेल.

दादा-वहिनी आमच्याकडे आले होते. आप्पांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. दादाच्या बॅगेत हक्कसोडपत्राचा मसुदा आहे हे मला माहीत नव्हतं. बाहेर पाऊस होता म्हणून त्यांना इथल्या एका संग्रहालयात नेलं. काचा पाहून दादा म्हणाला, "एवढ्याशाच?" बरोबर आहे, बहुतेक काचा हातभर उंचीच्याही नसतात. चर्चच्या उंच खिडक्या डोक्यात ठेवून आलेल्यांचा इथे विरस होतो. या काचा मुख्यतः नगरसभांसाठी, कारागीर-संघांच्या वाड्यांसाठी, खाणावळींसाठी आणि घरांसाठी केलेल्या. त्या जेवता जेवता किंवा भांडता भांडता जवळून बघायच्या.

दादा एका काचेसमोर थांबला. खाली घराण्याचं चिन्ह आणि वर झाडाला बांधलेलं म्हाताऱ्याचं प्रेत, त्यावर बाण रोखलेले तरुण. ही काय भानगड, म्हणाला. मी गोष्ट सांगितली. मध्ययुगापासून युरोपभर फिरणारी ही कथा आहे. राजा मेला, राज्य कुणाचं यावरून मुलांत जुंपली. न्याय करणाऱ्यानं सांगितलं, बापाचं प्रेत बांधा, ज्याचा बाण काळजाच्या सर्वांत जवळ लागेल त्याचं राज्य. इतरांनी बाण मारले. धाकट्यानं धनुष्य फेकून दिलं, बापावर बाण मारणार नाही म्हणाला.

दादा ताबडतोब म्हणाला, "बघ! ज्याला हाव नाही तोच खरा वारस. तूही सोडून दे आणि मोकळी हो." मसुद्याचा विषय मला त्या क्षणी, काचेसमोर उभं असताना कळला.

गोष्ट तिथे संपत नाही. राज्य त्या धाकट्यालाच मिळालं, तेही अख्खं. त्यानं बाण नाकारला होता, हिस्सा नव्हे. दादाचं म्हणणं की मी तपशिलात शिरते. वहिनी पोस्टकार्डं बघायला गेल्या.

रात्री दादानं दुसरा मुद्दा काढला, आणि तोच तुमचा प्रश्न आहे: "ज्या शेठजीनं ही काच दिली, त्यानं तरी आपली वाटणी सरळ केली असेल का? सगळा बडेजाव." अर्धं खरं आहे. कुणी नवं घर किंवा सभागृह बांधलं की तो मित्रांकडे, शहराकडे, राज्याकडे खिडकी आणि चिन्ह मागायचा. देणाऱ्याचं नाव, चिन्ह आणि वर्ष तळाशी. 1500च्या सुमारास बाडेनमधल्या संघसभेच्या (म्हणजे स्विस राज्यांच्या, कँटनांच्या, प्रतिनिधींच्या बैठकीच्या) दालनाला तेव्हाच्या राज्यांनी आपापल्या चिन्हांच्या काचा दिल्या, काम झ्युरिकच्या लुकास त्साइनरचं. पुढे मागणाऱ्यांचा इतका सुळसुळाट झाला की संघसभेतच त्याबद्दल तक्रारी व्हायला लागल्या. तेव्हा मिरवणं होतंच.

पण नुसतं मिरवायचं तर चिन्ह पुरे होतं. शेजारी तराजूवाली न्यायदेवता कशाला? लाचखोर न्यायाधीशाची कातडी सोलून खुर्चीवर ताणणारा आणि त्याच खुर्चीवर त्याच्या मुलाला बसवणारा इराणचा राजा कंबुजिय कशाला? प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर झ्युरिक-बर्नसारख्या शहरांत संतांच्या चित्रांना जागा उरली नाही, त्यामुळे सद्गुणांच्या मूर्ती, रोमन कथा आणि बायबलच्या जुन्या करारातले प्रसंग पुढे आले, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या मते जास्त मोठं आहे: काच देणाऱ्याच्या घरी राहत नाही. ती दुसऱ्याच्या भिंतीत बसते आणि रोज घेणाऱ्याला बजावते. देणारा फुकटात शहाणा ठरतो. दादानं काचेसमोर नेमकं हेच केलं.

बर्नच्या हान्स फुंकची 1530च्या दशकातली काच बघा. साध्या कपड्यातला जुना स्विस आणि पिसं, चिरलेल्या बाह्या, असा नटवा तरुण, दोघांचा संवाद. परक्या राजांसाठी पैशावर लढायला जाणाऱ्यांची ही खरडपट्टी. आणि त्याच परक्या राजांच्या वार्षिक रकमा घेणारी घराणी स्विस राज्यांच्या कारभारात बसलेली! उपदेश शिपायाला, रक्कम साहेबाला.

म्हणून आधी तळातली ओळ वाचा, मग काच कुठल्या खोलीसाठी होती ते शोधा, चित्र शेवटी. दुसरं काम अवघड, कारण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हजारो काचा विकल्या गेल्या. जर्मनीत व्योर्लिट्झच्या गॉथिक हाउसमध्ये अशा स्विस काचांचा मोठा संग्रह आहे. तिथे देणारा कळतो, पण भिंत गेलेली असते. वेटिंगेनच्या मठात काचा अजून मूळ जागी आहेत. मुरीच्या मठातल्या काचा मठ बंद झाल्यावर आराऊला नेल्या होत्या, विसाव्या शतकात परत बसवल्या. एकच दिवस असेल तर वेटिंगेन.

एक मात्र सांगायला हवं. प्रत्येक काचेत असा डाव शोधू नका. कारागिरांकडे तयार आराखडे आणि छापील चित्रं असायची, तीच न्यायदेवता वेगवेगळ्या चिन्हांशेजारी बसायची. गिऱ्हाइकानं विषय निवडलाच असेल असं नाही. क्रिस्टोफ मूररसारखा माणूस वेगळा, तो काचा रंगवायचा आणि नीतिचित्रांचा संग्रहही त्यानं केला (1622 साली, तो गेल्यावर छापला गेला). त्याच्या आकृत्या विचार करून ठेवलेल्या वाटतात.

रंग कसे चढवायचे हेही तुम्ही विचारलं होतं, ते राहिलंच. थोडक्यात: पिवळा चांदीच्या क्षारांनी, लाल म्हणजे पांढऱ्या काचेवरचा पातळ थर, पांढरं हवं तिथे तो खरवडून काढायचा. बाकी कुणी जाणकार सांगेल.

दादा इथे वाचतो. त्यानं खाली लिहिलंच, तर मसुदा कुणी तयार करून घेतला आणि वकिलाची फी कुणी भरली, तेवढं आधी लिहावं.