कॅथलिक प्रार्थनासभेत लोक अगम्य भाषेत बोलतात. हे चर्चला मान्य आहे का? ती खरंच भाषा असते का?

तुम्ही लिहिलंय की बायकोबरोबर करिस्मॅटिक सभेला (पवित्र आत्म्याची भाषा, आरोग्य अशी दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या कॅथलिकांच्या प्रार्थनासभेला) गेलात, मध्येच अख्खा हॉल भलत्याच भाषेत बडबडायला लागला आणि तुमची पाचावर धारण बसली. मी वसईचा, जन्माने कॅथलिक. सोळाव्या वर्षी मीही असाच दचकलो होतो, म्हणून लिहितोय.

चर्चला ते मान्य आहे, पण अटी घालून. आणि आपण मराठी किंवा तमिळला भाषा म्हणतो त्या अर्थाने ती भाषा नसते.

आमच्या सभेत कीबोर्डवाला एकच सूर धरून ठेवायचा, हात वर व्हायचे आणि मग सुरू. माझ्या मागच्या खुर्चीवरच्या मावशींच्या तोंडून 'शाबाळा राबाळा' असं काहीसं येत होतं. त्यात चक्क 'ळ' होता! पुढे कळलं की विल्यम सॅमरिन या भाषाशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात नेमकं हेच मांडलं होतं: बोलणारा आपल्याच भाषेतले ध्वनी उचलतो आणि नव्याने जुळवतो, त्यातून व्याकरण किंवा अर्थ निघत नाही. म्हणून ते ढोंग ठरत नाही. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अशा 5 स्त्रियांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा बोलताना त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल कमी झालेली दिसली. 'मी बोलत नाही, माझ्याकडून बोललं जातं' असं या बायका सांगतात, त्याच्याशी हे जुळतं. तो आत्मा पवित्र की काय, हे मात्र स्कॅनमध्ये दिसायचं नाही.

कॅथलिकांमध्ये हे आलं 1967 च्या फेब्रुवारीत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातले विद्यार्थी एका शनिवार-रविवारच्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला, गेले होते. त्यांच्या प्राध्यापकांनी महिनाभर आधी प्रोटेस्टंटांच्या एका प्रार्थनागटात जाऊन आपल्यावर हात ठेवून प्रार्थना करवून घेतली होती. कट्टर मंडळींचा राग इथूनच सुरू होतो. त्यांच्या मते ही पेंटेकॉस्टल पंथाची (अशा भाषेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांची) मागच्या दाराने झालेली घुसखोरी आहे. त्यांच्या हातात दुसराही एक दाखला असतो: 1614 च्या रोमन विधिग्रंथात अनोळखी भाषेत बोलणं हे भूतबाधेचं लक्षण म्हणून दिलंय. पण तिथे अपेक्षा खऱ्या, न शिकलेल्या भाषेची आहे. 'शाबाळा राबाळा'ला ते कलम लावणं म्हणजे ओढूनताणून.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपापली भाषा कळते. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत मात्र कोणालाच काही कळत नव्हतं, आणि तिला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल त्यावर वैतागलेला दिसतो: मंडळीत दहा हजार अगम्य शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे, दोघांनी किंवा फार तर तिघांनी पाळीपाळीने बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक सभांत हा नियम धाब्यावर बसवलेला असतो. दोनशे माणसं एकदम बोलतात, अर्थ सांगणारा कोणी नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

याला उत्तर म्हणून करिस्मॅटिक लोक सुरुवातीच्या शतकांतले थोर धर्मपंडित संत ऑगस्टीन यांच्याकडे बोट दाखवतात. कापणी करणारे आधी शब्दांनी गातात, मग आनंद इतका दाटतो की शब्द सुटतात आणि नुसता सूर उरतो, असं त्याने स्तोत्रावरच्या प्रवचनात म्हटलंय. भातलावणीची गाणी ऐकलेल्या माणसाला हे लगेच पटतं. गंमत म्हणजे हाच ऑगस्टीन दुसरीकडे म्हणतो की भाषादान, म्हणजे न शिकलेल्या भाषेत बोलण्याची देणगी, हे चर्चच्या सुरुवातीच्या काळापुरतं होतं. दोन्ही बाजूंना तोच माणूस लागतो! बाकी न कळणाऱ्या शब्दांचं म्हणाल तर माझी आजी जन्मभर लॅटिनमध्ये 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणत आली. त्यातला एक शब्द तिला कळत नव्हता आणि त्यावरून तिला कोणी कधी हटकलं नाही.

व्हॅटिकनने मधला रस्ता धरला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या बिशपांच्या सभेत) कार्डिनल सुएनेन्स कृपादानांच्या, म्हणजे आत्म्याच्या अशा देणग्यांच्या, बाजूने भांडले, पण परिषदेच्या 1964 च्या दस्तऐवजात असाधारण दानांच्या मागे उतावीळपणे लागू नका, पारख धर्माधिकारी करतील, असंही आलं. 2000 साली कार्डिनल रात्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट) यांच्या खात्याने आरोग्यदानाच्या प्रार्थनांमध्ये उन्माद आणि नाटकीपणा नको असं बजावलं. पोप फ्रान्सिस तर आधी यांच्यावर खार खाऊन होते. हे लोक उपासनेला सांबा नाचाची शाळा समजतात, असं आपण म्हणालो होतो, हे त्यांनीच 2013 मध्ये सांगितलं, आणि मत बदलल्याचंही.

महाराष्ट्राचा धागाही आहे, फक्त तो प्रोटेस्टंट. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये प्रार्थनेची मोठी लाट उठली आणि पुढे तिथल्या मुलीही अशा प्रार्थना करू लागल्या. तिथल्या मिशनरी मिनी अब्रम्स यांनी या भाषेचा पुरस्कार केला, पण ती नाही म्हणजे आत्मा नाही, असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. त्याच सुमारास गार नावाचे अमेरिकन मिशनरी आपल्याला देवाने बंगाली दिलीय अशा खात्रीने कोलकात्याला उतरले. बंगाल्यांना त्यांचं एक अक्षर कळलं नाही.

अब्रम्सबाईंचं ते वाक्य आमच्या सभेतल्या एका पुढाऱ्याला कोणीतरी ऐकवायला हवं होतं. त्याने मला समोर बसवून 'आलेलुया' भराभर म्हणायला लावलं, जीभ अडखळेपर्यंत. 'सोड जीभ, सैल सोड.' माझी काही सुटली नाही. मग आईला बाजूला घेऊन म्हणाला, पोराने कुठलं तरी पाप लपवलंय. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

तेव्हा तुम्हाला सांगतो, बायकोला जाऊ द्या, तुम्हीही हवं तर सोबत जा. कोणी डोक्यावर हात ठेवायला आलं तर 'नको' म्हणायला काही हरकत नाही, राग मानला तर मानू दे. आणि चहाच्या वेळी तिथल्या फादरना विचारून बघा, इथे अर्थ कोण सांगतं?