वाचकांचे प्रश्न : राजीनामा द्यायचा, पण कोणाकडे?

प्रश्न : मी निपाणी तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची अध्यक्षा आहे. पहिले पंधरा महिने मी आणि नंतर दुसऱ्या सदस्या, असं गटात ठरलं होतं. निवडीच्या दिवशीच माझ्याकडून तारीख न घातलेल्या कन्नड पत्रावर सही घेतली. ते पत्र परस्पर दिलं तर माझं पद जाईल का?

उत्तर : गटातला समझोता कायद्याला माहीत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायत अध्यक्षपदाची मुदत 30 महिन्यांची आहे. दिलेला शब्द पाळायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण सही आधीच घेऊन ठेवणं हा अन्यायच आहे आणि तो बहुतेक वेळा महिला अध्यक्षांच्याच वाट्याला येतो.

पत्र गटनेत्याच्या खिशात किंवा पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) टेबलावर आहे तोवर काही होत नाही. अध्यक्षांचा राजीनामा असिस्टंट कमिशनरांच्या नावे लागतो, म्हणजे तुमच्यासाठी चिक्कोडीचे प्रांत. त्यांना पत्र मिळाल्यापासून 10 दिवस संपले की राजीनामा लागू होतो. तोपर्यंत स्वतःच्या सहीच्या पत्राने तो मागे घेता येतो, नंतर नाही. घात होतो तो इथेच : पत्र गेल्याचं अध्यक्षांना अकराव्या दिवशी कळतं.

म्हणून आजच प्रांतांना अर्ज द्या. तारीख नसलेल्या पत्रावर सही घेतली आहे, मी राजीनामा दिलेला नाही, असं पत्र आल्यास मला समक्ष बोलावून खात्री करावी, एवढंच लिहा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तरीही पत्र पोचलंच, तर या अर्जावर विसंबू नका. 10 दिवसांच्या आत राजीनामा मागे घेत असल्याचं वेगळं पत्र द्या. डिजिटल सहीचं डोंगल (संगणकाला जोडून तुमची सही करणारं छोटं उपकरण) दुसऱ्या कोणाकडे असेल तर तेही ताब्यात घ्या.

उद्या स्वखुशीने पद सोडायचं ठरलं, तर कन्नड मजकूर विश्वासातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. ‘अध्यक्ष स्थानक्के’ (अध्यक्षपदाला) असं हवं. ‘सदस्य स्थानक्के’ लिहिलेलं असेल तर ते पत्र सदस्यत्वच सोडण्याचं होतं. नवी निवड होईपर्यंत कारभार उपाध्यक्ष पाहतात. नव्या अध्यक्षांना उरलेलीच मुदत मिळते, आरक्षणही तेच राहतं.

प्रश्न : मंत्र्याने राजीनामा दिला तर आमदारकी जाते का?

उत्तर : नाही. मंत्रिपद आणि विधानसभेची जागा वेगळी, राजीनामेही वेगळे.

प्रश्न : 2019 मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या आमदारांनी राजीनामे दिले होते, मग ते अपात्र कसे ठरले? (अथणी)

उत्तर : गोकाकचे रमेश जारकीहोळी आणि अथणीचे महेश कुमठळ्ळी यांनी त्या जुलैत राजीनामे दिले. कागवाडच्या श्रीमंत पाटलांनी राजीनामा दिला नव्हता. विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी ते मुंबईत रुग्णालयात होते. विधानसभेचे सभापती रमेश कुमार यांनी या तिघांसह 17 जणांना पक्षांतराबद्दल अपात्र ठरवलं.

आमदाराचा राजीनामा सभापतींकडे जातो. 1974 च्या 33 व्या घटनादुरुस्तीपासून तो स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे का, हे सभापतींनी तपासायचं असतं. 13 नोव्हेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सभापतींनी एवढंच पाहावं, राजीनाम्यामागचा हेतू शोधू नये. पण पक्षांतर आधी घडलेलं असेल तर राजीनाम्याने ते पुसलं जात नाही. जारकीहोळी व कुमठळ्ळी यांच्याविरुद्धची तक्रार तर फेब्रुवारीतच दाखल झाली होती. म्हणून अपात्रता कायम राहिली. विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवायची नाही, ही अट मात्र न्यायालयाने काढून टाकली. त्यामुळेच 5 डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही उभे राहू शकले, आणि निवडूनही आले.