आर्य बाहेरून आले की नाही, हे आपण शेवटी आपापल्या राजकारणावरूनच ठरवतो का?

बऱ्याच अंशी हो. पण 'अमुक विचारांचा माणूस म्हणजे तो तमुक मानणारच' असं गणित लोक सर्रास मांडतात, ते महाराष्ट्रातच फसतं.

फुले आणि टिळक, दोघेही आर्य बाहेरून आले असं मानत. फुल्यांच्या 'गुलामगिरी'त (1873) आर्यभट (म्हणजे ब्राह्मण) इराणातून येतात, कपटाने बळीचं राज्य बुडवतात आणि इथल्या कष्टकऱ्याच्या मानेवर बसतात. टिळकांनी 1903 साली एक इंग्रजी ग्रंथच लिहिला. ऋग्वेदात उषःकाल कित्येक दिवस लांबल्याची वर्णनं आहेत, अशी पहाट ध्रुवप्रदेशातच होऊ शकते, म्हणून आर्यांचं मूळ घर तिकडे, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांना त्यातून वेदांची प्राचीनता दाखवायची होती. म्हणजे आगमन दोघांनाही मान्य. एकाला त्यात ब्राह्मण्याचा उपरेपणा दिसला, दुसऱ्याला थोरवी.

रा. स्व. संघाच्या गोळवलकरांची अडचण आणखी मजेशीर. हिंदू अनादी काळापासून इथलेच हे त्यांना ठामपणे म्हणायचं होतं, आणि लोकमान्यांना खोटं पाडणं तर शक्य नव्हतं. मग 1939 च्या पुस्तकात त्यांनी तोडगा काढला: ध्रुव एका जागी स्थिर नसतो, फार पूर्वी तो आजच्या बिहार-ओडिशाच्या भागात होता. हिंदू जागचे हललेच नाहीत, ध्रुवच सरकला! विचारसरणीला सोयीचं वास्तव कसं घडवतात याचा याहून चोख नमुना मला तरी माहीत नाही.

या गणिताला खरा छेद देतात ते आंबेडकर. ते फुल्यांना गुरू मानत. शूद्र कोण होते यावरचं 1946 चं पुस्तक त्यांनी फुल्यांनाच अर्पण केलंय. आणि त्याच पुस्तकात आर्य वंशाच्या स्वारीचा सिद्धांत त्यांनी साफ झिडकारला. वेदांत अशा स्वारीचा पुरावा नाही, आर्य आणि दास हे वेगळे वंश होते हेही त्यातून निघत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांनी अस्पृश्यांवरच्या पुस्तकात त्यांनी नाकांच्या मापांचा आधार घेतला. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचं, की नासिका निर्देशांक मिळतो. 1901 च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ली यांनी अशाच मापांवर जातींची वांशिक उतरंड रचली होती. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या पुस्तकातली त्याच प्रकारची आकडेवारी घेऊन आंबेडकरांनी उलटा निष्कर्ष काढला: ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. जातीशी लढायला त्यांना परक्या वंशाची गरजच पडली नाही. (त्यांचंच नाव घेणाऱ्या काही संघटना आज 'मूलनिवासी' सिद्धांत, म्हणजे बहुजन इथले मूळ रहिवासी आणि ब्राह्मण बाहेरचे, हिरिरीने सांगतात, हा भाग वेगळा.)

त्यामुळे कुणी या विषयावर तावातावाने बोलायला लागलं की मी एकच विचारतो: उद्या पुरावा नेमका उलटा निघाला, तर तुमची कोणती मागणी तुम्ही मागे घ्याल? उत्तर बहुतेक 'एकही नाही' असंच असतं. मग ती मागणी आर्यांवर उभी नव्हतीच. न्याय कशाला म्हणायचं याच्या आपल्या समजुतीवर उभी होती. आर्य नंतर साक्षीला बोलावले.

अर्थात म्हणून आर्यांचा प्रश्न निव्वळ मताचा होत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये एकाच वेळी प्राचीन डीएनएवरचे दोन शोधनिबंध आले. आर्य ज्या भागातून आले असं मानलं जातं, त्या युरेशियातल्या गवताळ स्टेप प्रदेशातल्या लोकांचा जनुकीय वारसा हरियाणातल्या राखीगढीच्या, सिंधू संस्कृतीच्या काळातल्या एका सांगाड्यात सापडला नाही, असं एकात होतं. तो वारसा भारतीय उपखंडात साधारण इसवी सनपूर्व 2000 ते 1500 या काळात आला, असं दुसऱ्यात. सिंधू संस्कृतीच्या माणसात तो नाही आणि नंतरच्यांत आहे, म्हणजे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना धरूनच आहेत. आपल्याकडे मात्र एका बाजूने पहिला निबंध मिरवला, दुसऱ्या बाजूने दुसरा. तेव्हा डेक्कन कॉलेजमध्ये असलेले पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांच्यासह काही संशोधकांची नावं दोन्हींवर आहेत, हे दोन्हीकडच्या किती जणांनी पाहिलं असेल कोण जाणे.