बनफशात ‘वन’ नाही

प्रश्न असा आहे: बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यात पायवाटेच्या कडेला एक छोटे गुलाबी-जांभळे फूल दिसले, सोबतच्या जाणकारांनी त्याला ‘रानबनफशा’ म्हटले. हे नाव बरोबर का? आणि काढ्यात घालतात त्या हिमालयातल्या फुलझाडाचे नाव लिहायचे ‘वनफशा’ की ‘बनफशा’?

आधी दुसरे, कारण ‘बन म्हणजे वन, म्हणून वनफशा’ हे आता इतक्यांदा ऐकू येते की कान किटले. केतकीचे बन, बोरीचे बन यांतले ‘बन’ वनावरूनच आले, कबूल. पण बनफशा हा फारसी शब्द आहे आणि त्याचे ‘बन’ आणि ‘फशा’ असे दोन तुकडे पडत नाहीत. पडत असते तर ‘रानबनफशा’त रान दोनदा आले असते, हे तरी त्या जाणकारांच्या लक्षात यायला हवे होते. त्याहून कहर म्हणजे वनौषधींच्या पुस्तकांत बिनधास्त छापलेले ‘संस्कृत नाव: वनप्सा’. संस्कृतात ‘प्सा’ धातूचा अर्थ खाणे. म्हणजे वनप्सा ती, जी वन खाते. मुंबईत हे नाव बिल्डरला शोभेल, वीतभर उंचीच्या झाडाला नाही.

आता गंमत. फारसीच्या आधीच्या पहलवीत या शब्दाचे रूप होते ‘वनफ्शग’. हो, ‘व’नेच सुरू होणारे! पहलवीतला शब्दारंभीचा ‘व’ पुढे फारसीत पुष्कळ ठिकाणी ‘ब’ झाला. ‘वाजार’चा बाजार झाला, ‘वहार’चा बहार झाला (आपला वसंत या बहारचाच भाऊबंद). वाऱ्याला फारसीत ‘बाद’ म्हणतात, तो आपला वात. शेवटच्या ‘ग’चीही तीच तऱ्हा. ‘नामग’चा नामा झाला, जो आपण करारनाम्यात रोज वापरतो, ‘बंदग’चा बंदा. अरबांनी मात्र शब्द उचलला तेव्हा शेवटचे व्यंजन शाबूत होते, म्हणून त्यांच्याकडे तो आजही ‘बनफ्सज’ आहे. तेव्हा ‘वनफशा’ लिहिणाऱ्यांनी दीड हजार वर्षांपूर्वीचे अक्षर अगदी बरोबर गाठले आहे, फक्त कारण साफ चुकीचे दिले आहे. मराठीत शब्द आला तो ‘ब’ घेऊन, तसाच लिहावा. काष्ठौषधीच्या दुकानांत ‘बनप्सा’ म्हणतात, तो बोलीतला उच्चार, त्याला माझी हरकत नाही.

राहिले फूल. खरा बनफशा हिमालयातल्या थंड, सावलीच्या उतारांवरचा. त्याची पाने जमिनीलगत झुबक्याने येतात. हृदयाकार, कडा बोथट दातांची, देठ लांब, आणि देठाच्या बुडाशी दोन उपपर्णे, म्हणजे छोटी पानासारखी अंगे. फूल एकेका बिनपानी दांड्यावर, दांडा टोकाशी आकड्यासारखा वाकलेला. पाकळ्या पाच: दोन वर, दोन बाजूंना, एक खाली, आणि त्या खालच्या पाकळीची मागे निघालेली पोकळ नळी, म्हणजे शुंडिका, जिच्यात मध असतो. नुसत्या पानावरून ओळखू पाहाल तर फसाल. ओढ्याकाठचा कारिवणा (मंडूकपर्णी) पानांनी बराचसा असाच दिसतो. नुसत्या शुंडिकेवर भिस्त ठेवलीत तरी फसाल, कारण ती तेरड्यालाही असते आणि ओल्या कातळावरच्या सीतेच्या आसवांनाही. तेरड्याचे खोड रसाळ असते, पिकलेली शेंग हात लावताच तडकते. सीतेच्या आसवांची निदले (पाकळ्यांखालची हिरवी दले) दोनच. बनफशाची निदले पाच, आणि प्रत्येकाचा एक शेपटासारखा भाग, ते फुलाला जोडलेले असते त्या जागेच्याही मागे जातो. भिंगातून हा भाग आणि शुंडिका दोन्ही दिसल्याशिवाय नाव घेऊ नये.

बोरिवलीत दिसले ते बहुधा रतनपुरुष. वीत-दीड वीत उंची, पाने अरुंद, जवळजवळ बिनदेठाची, खोडावर एकाआड एक. त्यांच्या बेचक्यात एकेक फूल, आणि फुलात एकच पाकळी डोळ्यांत भरते: खालची, फावड्यासारखी पसरट. बाकीच्या चार इतक्या बारक्या की पुष्कळजण ‘एक पाकळीचे फूल’ म्हणून मोकळे होतात. मागे लांब शुंडिका नाही, जेमतेम फुगीर पिशवी. फळ पिकले की तीन फाकांत उघडते, ही मात्र थेट बनफशाचीच खूण, कारण दोघांचे कूळ एकच. त्याचे जुने शास्त्रीय नाव ‘आयोनिडियम’. ग्रीकमध्ये ‘आयोन’ म्हणजे बनफशा. (जांभळी वाफ देणाऱ्या आयोडीनचे नावही त्यावरूनच.) हा ‘आयोन’सुद्धा मूळचा ‘विऑन’, ग्रीकांनी ‘व’ गिळलाच, लॅटिनने ‘व्हिओला’त जपला. या शब्दांचे आणि पहलवी शब्दाचे नाते मी लावत नाही, पण ‘व’ची दैना बघण्यासारखी आहे.

म्हणून सोबतच्या जाणकारांचे कूळ बरोबर, नाव चूक. झाडाला रतनपुरुष हे चांगले नाव असताना वर रान आणि बनफशा कशाला चिकटवायचे?

काढ्यासाठी दुकानातून आणणार असाल तर नेमके मागा. ‘गुलबनफशा’ म्हणजे फुले, ‘बर्गबनफशा’ म्हणजे पाने. सुकल्यावर फुलाचा रंग उडतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका; चार-दोन फुले कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून पांढऱ्या बशीत सुईने उलगडा आणि शुंडिका शोधा. आणि हो, ‘बर्ग’ पहलवीत ‘वर्ग’ होता. ‘गुल’चाही आरंभ ‘व’नेच होता, पण तिथे त्याचा ‘ग’ झाला, जसा वृकाचा (लांडग्याचा) फारसीत ‘गुर्ग’ झाला आणि आपल्या विनाशाच्या भावंडाचा गुनाह.