पक्ष्यांचे फोटो काढायला डी५०० कॅमेरा आणि २००-५०० लेन्सचं ओझं आता पेलत नाही. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तर हलकं होईल का? फोटोंचा दर्जा घसरेल का?

तुमचं वय ५८, खांद्याचं दुखणं आणि हातात नायकॉनचं हे किट, असं तुम्ही लिहिलंय. चार वर्षांपूर्वी माझी हीच अवस्था होती, किटही हेच. बॉडी ८६० ग्रॅम आणि लेन्स कॉलरसकट (ट्रायपॉडला लावायच्या कड्यासकट) २३०० ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या वर. सिंहगड व्हॅलीत दोन तास ते घेऊन फिरलं की उजवा हात वर न्यायला नको वाटायचं. झाडीतल्या सावलीत शटर १/१२५ वर उतरलेलं, नवरंग पक्षी समोर पाचोळ्यात, आणि थकलेल्या हाताची थरथर फोटोत उतरलेली. असे कितीतरी फोटो मी पुसून टाकले.

नुसता मिररलेस घेऊन तुमचं ओझं हलकं होणार नाही. मी आधी तेच केलं होतं. नायकॉनचा झेड ६ घेतला, बॅटरीसकट ६७५ ग्रॅम. जुनी लेन्स त्याला लावायला १३५ ग्रॅमचा अडॅप्टर. बेरीज ८१०. एवढा खर्च करून वाचले ५० ग्रॅम! शिवाय डी५०० चा दीडपट क्रॉप (लहान सेन्सरमुळे चौकटीत सगळं दीडपट मोठं दिसतं तो फायदा) हातचा गेला, त्यामुळे चौकटीत पक्षी आणखी लहान दिसायला लागला. वर्षभरात मी तो विकला.

वजन असतं ते काचेत. कुठलीही लेन्स बघताना मी आता एक भागाकार करते: फोकल लेंग्थ भागिले एफ क्रमांक. येतो तो आकडा म्हणजे प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास. ६०० एफ ४ ला १५० मिलिमीटर येतात, म्हणून ती लेन्स तीन किलोच्या आसपास असते. तुमच्या २००-५०० ला, ५०० भागिले ५.६, साधारण ८९ मिलिमीटर. कॅननच्या आरएफ १००-५०० ला शेवटच्या टोकाला ७०, कारण तिथे ती एफ ७.१ होते. ती जवळपास दीड किलोत बसते त्याचं एक मोठं कारण हेच. व्यास घटला की प्रकाश घटतो आणि मागची झाडीही कमी विरघळते. हलकं घेताना किंमत मोजावी लागते ती इथे.

अपवाद आहे तो नायकॉनच्या ५०० एफ ५.६ पीएफचा. २०१८ साली आलेली ही लेन्स १४६० ग्रॅमची आहे. व्यास तोच ८९, तरी तुमच्या लेन्सपेक्षा ८४० ग्रॅम कमी. दीपगृहाच्या दिव्यापुढे फ्रेनेल भिंग असतं, त्याच्याच कुळातलं एक भिंग हिच्यात आहे. रंगांची फाटाफूट आवरायला एरवी जी जास्तीची काच लागते, तिचं काम ते करतं. सूर्य चौकटीत किंवा चौकटीच्या अगदी कडेला असेल तर मात्र रंगीत वलयं उमटू शकतात. ही लेन्स तुमच्या डी५०० वर थेट बसते. मी वापरलेली घेतली आणि माझा खांदा वाचला. लांबीला आखूड असल्यामुळे तोल बॉडीकडे येतो, आणि वजनाच्या आकड्यापेक्षा त्याचाच आराम मला जास्त वाटला.

झूम जातो, हे खरं. ताडोब्यात वाघ जिप्सीपासून वीस फुटांवर आला तर ५०० मध्ये फक्त तोंड मावतं. पण सफारीत तुम्ही बसलेले असता आणि लेन्स बीन बॅगवर टेकलेली असते, तिथे दोन किलोचा त्रास होत नाही. म्हणून २००-५०० लगेच विकू नका. भिगवणला होडीतही ती चालते. ओझं जाचतं ते पायी फिरताना.

तुम्ही मायक्रो फोर थर्ड्सबद्दलही, म्हणजे आणखी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांबद्दलही विचारलंय. एका मैत्रिणीच्या त्यातल्याच ओएम-१ कॅमेऱ्यावर आणि ३०० एफ ४ लेन्सवर मी दोन सकाळी काम केलं. दोन्ही मिळून कॉलरसकट जेमतेम २१०० ग्रॅम, आणि पल्ला फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशेबात ६०० मिलिमीटर लेन्सचा. तुमच्या डी५०० वर ५०० चा पल्ला त्याच हिशेबात ७५० चा होतो, तेव्हा थोडं जवळ जावं लागेल. सेन्सर लहान म्हणजे नॉइज (फोटोतले दाणे) जास्त, ही भीती फुल फ्रेमशी तुलना केली तर रास्त आहे. तुमच्या बाबतीत ती फार खरी नाही. डी५०० चा सेन्सरही फुल फ्रेम नाही, आणि ५.६ वरून ४ वर आलात की एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश वाढतो. लहान सेन्सरचं नुकसान त्यात भरून निघतं. त्या कॅमेऱ्यात बटण पूर्ण दाबण्याआधीच्या काही फ्रेमही साठवता येतात. वेडा राघू फांदीवरून उडाला तो क्षण मला पहिल्यांदा असा मिळाला. स्टॅबिलायझेशन उत्तम आहे, पण ते तुमचा हात सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही.

सह्याद्रीत दिवसदिवस चालणार असाल तर हा संच घ्या. एरवी डी५०० ठेवा आणि फक्त लेन्स बदला. विकत घेण्याआधी दोन्ही एकेक दिवस भाड्याने आणा, नेहमीच्या वाटेवर नेहमीइतकं चाला आणि पहाटे साडेसहाचे फोटो मोठे करून बघा. दुपारच्या उन्हात कुठलीही लेन्स चांगली दिसते.