भुयाराची वाट कशी ठरते?

प्रश्न : गिरगावात आमची वडिलोपार्जित खोली आहे. भुयारी मेट्रो चर्चगेटहून सरळ गिरगावात न येता सीएसएमटीकडून का फिरून येते? (गुहागर)

तो वळसा मुद्दाम घेतलेला आहे. चर्चगेट पश्चिम रेल्वेचं, सीएसएमटी मध्य रेल्वेचं. दोन्ही एका भुयाराने जोडायची, तर हुतात्मा चौकातून पूर्वेला सीएसएमटी आणि काळबादेवी-गिरगाववरून परत पश्चिमेला ग्रँट रोड, असंच जावं लागतं. कोकणातली गाडी सीएसएमटीला सोडलीत की गिरगाव दुसरं स्टेशन!

भुयार शक्यतो रस्त्याखालून नेतात, म्हणजे घरांचे पाये वाचतात. पण गाडी काटकोनात वळत नाही, त्यामुळे वळणावर इमारतींखालून जावंच लागतं. त्यात गिरगाव-काळबादेवीचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जुन्या चाळी. सगळा रस्ता उकरणं शक्य नव्हतं, म्हणून तिथे फलाटांची पोकळी आतूनच कोरत नेली. तरीही स्टेशनांसाठी काही इमारती पाडाव्या लागल्या. त्या बिऱ्हाडांना घरं गिरगाव-काळबादेवीतच मिळायला हवीत, यात तडजोड नको.

प्रश्न : चाळीच्या भिंतीला तडा आहे. तो वाढतोय का, हे कसं कळेल? (दापोली)

तड्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट बसवा. शेजारी तारीख लिहा. काच तडकली, तर भिंत हलते आहे. मग वाट बघू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

प्रश्न : कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदाही मेट्रोच्या भुयारासारखा यंत्राने खणला का? (रत्नागिरी)

नाही. उक्षी आणि भोके यांच्यामधला हा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कातळात भोकं पाडून, सुरुंग लावून काढला. मुंबईत मेट्रोची यंत्रं गोल पातं फिरवत पुढे सरकायची आणि मागोमाग काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसवत जायची. दाट वस्तीखाली तेच बरं.

खरा त्रास मऊ मातीचा. आपल्याकडे विहीर खणणाऱ्याला विचारा : वर जांभा लागतो, त्याखाली शेडी, म्हणजे चिकट माती. पाणी मुरलं की ती ढासळते. कोकण रेल्वेचाच गोव्यातला पेडण्याचा बोगदा अशाच मऊ जमिनीतून गेलाय. ऑगस्ट 2020 मध्ये पावसात त्याची आतली भिंत कोसळली आणि गाड्या मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. म्हणून मार्गाची रेघ नकाशावर ओढण्याआधी ठिकठिकाणी बोअर मारून मातीचे नमुने काढतात. दोन बोअरांमधलं अंतर वाढवून पैसे वाचवणं मला कधीच पटलेलं नाही.